जर-तर: भुजबळ १९९१ साली शिवसेनेतच राहिले असते तर?

बखरवाचक

मागचा पानिपतचा जर-तर धागा शेवटी भाऊ की दत्ताजी या भांडणात बुडाला. म्हणून या वेळी जवळचा विषय घेतोय. यातली माणसं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आधी खरं काय घडलं ते. १९८५च्या विधानसभेत शिवसेनेचा एकच आमदार निवडून आला, माझगावातून छगन भुजबळ. भायखळ्याच्या बाजारात भाजी विकलेला माणूस, १९७३ पासून नगरसेवक. पाच वर्षं विधानसभेत सेना म्हणजे हा एकटा. त्याच १९८५ला सेनेने मुंबई महापालिका घेतली आणि महापौरही हेच. १९८६ला सीमाप्रश्नाच्या आंदोलनात वेषांतर करून बेळगावात शिरले ती गोष्ट तर अजून सांगितली जाते.

मग १९९० उजाडलं. काँग्रेस १४१, सेना ५२, भाजप ४२. एकाचे बावन्न झाले आणि विरोधी पक्षनेतेपद गेलं मनोहर जोशींकडे. भुजबळांना काय मिळालं? पुन्हा महापौरपद. त्याच सुमारास वि. प्र. सिंहांनी मंडल, म्हणजे ओबीसींना २७ टक्के आरक्षण, जाहीर केला (ऑगस्ट १९९०), बाळासाहेबांनी जातीवर आधारलेल्या आरक्षणाला उघड विरोध केला, आणि डिसेंबर १९९१च्या नागपूर अधिवेशनात भुजबळ आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले. शिवसेनेच्या इतिहासातलं पहिलं मोठं खिंडार.

धाग्याचा नियम एकच: भिंतीतला एक खिळा काढायचा, बाकी भिंत शक्यतो तशीच ठेवायची. भुजबळ गेले नाहीत. पुढे?

गिरणगाव

यात धागा काढण्यासारखं काय आहे? १९९५ला मुख्यमंत्री छगन भुजबळ. शिवाजी पार्कावर शपथ. विषय संपला, दिवे मालवा.

तिरपा डोळा

गिरणगावराव, थांबा. १९९५ला सेना ७३, भाजप ६५. बेरीज १३८. बहुमताला १४५ लागतात. म्हणजे सगळा खेळ त्या ४५ अपक्षांवर, आणि त्यातले बरेचसे मूळचे काँग्रेसचेच बंडखोर. अशा सरकारचा मुख्यमंत्री कसा हवा? सगळ्यांशी गोड बोलणारा, कुणाला न दुखावणारा, रात्री सगळ्यांचे फोन घेणारा. त्या साच्यात जोशी सर फिट बसत होते.

दुसरं, बाळासाहेब स्वतःच म्हणायचे की रिमोट कंट्रोल माझ्या हातात आहे. रिमोट चालवायचा तर समोरचा टीव्ही आपणहून चॅनल बदलणारा नको. भुजबळ पाच वर्षं एकट्याने सभागृह हलवत होते, त्यांना कुणाच्या बटणाची सवय नव्हती.

गिरणगाव

मग १९९९च्या फेब्रुवारीत राणे कसे झाले मुख्यमंत्री? ते काय गप्प बसणारा टीव्ही होते?

तिरपा डोळा

मुद्दा मान्य. पण राणे आले ते शेवटच्या काही महिन्यांसाठी, जोशींचं नाणं घासून गुळगुळीत झाल्यावर. १९९५ला पहिल्याच खेपेला साहेबांनी इतका धोका पत्करला असता असं मला वाटत नाही. त्या वेळी सुधीर जोशींचंही नाव चर्चेत होतं, तेही शांत गृहस्थच.

नवखा

माझा जन्म २००१चा, त्यामुळे बाळबोध प्रश्न. भुजबळ मंडलमुळे गेले की पद मिळालं नाही म्हणून? घरी विचारलं तर बाबा एक सांगतात, काका दुसरंच, आणि दोघंही आवाज चढवतात.

बखरवाचक

तुमच्या घरी चर्चा चांगली रंगते म्हणायची. :)

भुजबळ स्वतः आजवर मंडलच सांगत आले आहेत. सेनेतले जुने लोक पद सांगतात. मला दोन्ही खरं वाटतं. पद मिळालं असतं तर मंडलवरचा राग गिळता आला असता, आणि मंडल नसता तर पदाच्या रागाला कुणी तात्त्विक म्हटलं नसतं. सतरा-अठरा आमदारांपुढे उभं राहून 'मला पद दिलं नाही, चला माझ्याबरोबर' असं कोण म्हणेल?

कलमदान

वकिली सवयीने एक पाचर मारतो. धागालेखकाने खिळा काढायला सांगितला, पण कुठला ते सांगितलं नाही. भुजबळ सेनेत राहण्याचे दोन रस्ते आहेत आणि ते एकदम वेगळ्या गावी जातात.

पहिला रस्ता: १९९०लाच बाळासाहेबांनी विरोधी पक्षनेतेपद भुजबळांना दिलं. म्हणजे ते खुशीत राहिले.

दुसरा रस्ता: आमदार जमले नाहीत. तेव्हाच्या पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे दहाव्या परिशिष्टात, एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानली जायची आणि आमदारकी वाचायची. ५२ चा तिसरा हिस्सा १७.३३, म्हणजे किमान १८ डोकी. बरोबर तेवढ्यांचीच जुळवाजुळव झाली होती. नंतर त्यातले बरेच परत फिरले, तरी अध्यक्ष मधुकरराव चौधरींनी फूट मान्य केली. आता कल्पना करा, आदल्या रात्री दोघांनी कच खाल्ली. सोळा सह्या, म्हणजे सोळा अपात्र आमदार. असा हिशेब दिसल्यावर भुजबळ कागद खिशात घालून गप्प बसले असते. म्हणजे राहिले असते, पण हरून. आणि बातमी तर फुटलेलीच असती.

या दुसऱ्या भुजबळांना १९९५ला मुख्यमंत्रीच काय, तिकीट मिळालं असतं का याचीच मला शंका आहे.

बखरवाचक

मस्त पाचर! धागा पहिल्या रस्त्याने नेऊ. १९९०ला पद मिळालं, माणूस खूश.

माझगावकर

मी त्याच गल्ल्यांत वाढलो. डिसेंबर ९१ला मी आठवीत होतो. आमच्या चाळीच्या तोंडाशी शाखा, शाखेबाहेर काळा फळा. रोज कुणीतरी खडूने सुंदर अक्षरात ताज्या बातम्या लिहायचं. त्या दिवसापर्यंत फळ्यावर 'आमदार श्री. छगनरावजी भुजबळ' असायचं. दुसऱ्या दिवसापासून 'लखोबा', 'तो मी नव्हेच' नाटकातला भामटा. अक्षर तेच होतं, एवढंच सांगतो.

लोक एक गोष्ट विसरतात. फूट डिसेंबरात पडली आणि लगेच फेब्रुवारी १९९२ला महापालिकेची निवडणूक लागली. सेना हरली, पालिका काँग्रेसकडे गेली, ती १९९६पर्यंत परत आली नाही. ज्या माणसाने पंचाऐंशीपासून पालिकेची सेना उभी केली तो दोनच महिन्यांपूर्वी गेला होता. तुमच्या पर्यायी इतिहासात भुजबळ सेनेतच असतील तर माझ्या मते ती निवडणूक सेना जिंकते. निदान सर्वांत मोठा पक्ष तरी राहतेच.

आणि मग डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ला मुंबईचा महापौर शिवसेनेचा असता. तिथून पुढे मला कल्पना करवत नाही. करावीशीही वाटत नाही.

संपादक

दंगलींचा उल्लेख विषयाला धरून आहे तोवर ठीक. त्यावर स्वतंत्र धागे भरपूर आहेत, इथे नको. धन्यवाद.

तिरपा डोळा

माझगावकर, फळ्याचं वाचून अंगावर काटा आला.

त्याच धाग्याला जोडून: जुलै १९९२ला बाळासाहेबांनी 'सामना'तून शिवसेनेला अखेरचा जय महाराष्ट्र केला होता. उद्धव-राज यांचा पक्षात हस्तक्षेप होतो, असा आरोप एका जुन्या शिवसैनिकाने केल्यावर. मग मातोश्रीबाहेर गर्दी लोटली आणि साहेबांनी निर्णय मागे घेतला. मला कायम वाटतं की हे नाट्य भुजबळ गेल्यानंतरच्या भेगेतून आलं. पालिका गेली, आमदार गेले, कुजबुज सुरू झाली, आणि एका फटक्यात सगळी कुजबुज बंद केली. भुजबळ असते, पालिका हातात असती, तर जुलै ९२ची गरजच पडली नसती. मग घराण्याचा प्रश्नही दहा वर्षं कुणी तोंडातून काढला नसता.

येवल्याची पैठणी

तुम्ही सगळे मुंबईच्या चाळीतून विचार करताय. जरा घाट चढून वर या.

१९८५ ते ९० या काळात सेना मुंबई-ठाण्याबाहेर कशी पसरली ते आठवा. नाशिक, औरंगाबाद, जालना, परभणी. शाखेच्या पाट्या कोण लावत होतं? माळ्याची, साळ्याची, शिंप्याची, न्हाव्याची, कोष्ट्याची पोरं. काँग्रेसमध्ये पाटलाच्या पोरामागे सतरंजी उचलायची, त्यापेक्षा इथे शाखाप्रमुख होता येतं. सेनेने यांना कधी 'ओबीसी' म्हणून हाक मारली नाही, 'मराठी' आणि 'हिंदू' म्हणूनच मारली. पण तिकिटं दिली. म्हणजे मंडल न म्हणता मंडलचं काम थोडंफार चालू होतं आणि भाषणात मंडलला विरोध. हा उखाणा फक्त भुजबळांना सोडवता आला असता, कारण ते दोन्हीकडचे होते.

ते राहिले असते, आणि तेही विरोधी पक्षनेते म्हणून, तर नोव्हेंबर १९९२ला सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्के उचलून धरल्यावर सेनेला भूमिका बदलावीच लागली असती. साहेबांनी ती थट्टा करत बदलली असती, 'कोर्टाने सांगितलंय, आता आमची पोरं पुढे' वगैरे. भूमिका बदलणं त्यांना कधीच अवघड गेलं नाही.

उलट बाजू बघा. खऱ्या इतिहासात १९९२ला भुजबळांची समता परिषद निघाली, जालन्याच्या मेळाव्यात पवारांनी मंडलच्या अंमलबजावणीची घोषणा केली आणि ओबीसींची काही मतं काँग्रेसकडे थांबली. भुजबळ नसते तर पवारांनी अंमलबजावणी केलीच असती, पण व्यासपीठावर शेजारी कुणाला उभं केलं असतं? त्या उंचीचा एक माणूस सांगा.

गिरणगाव

पैठणीताई, म्हणजे माझंच म्हणणं. ओबीसी मुख्यमंत्री १९९५! :D

येवल्याची पैठणी

नाही हो दादा, उलट. पलीकडे गोपीनाथ मुंडे बसले आहेत हे विसरताय तुम्ही. वसंतराव भागवतांनी भाजपसाठी माळी-धनगर-वंजारी, म्हणजे 'माधव', हे समीकरण मांडलं होतं आणि मुंडे त्याचा चेहरा होते. १९९४ची संघर्ष यात्रा त्यांची. आता युतीत एकीकडे वंजारी मुंडे, दुसरीकडे माळी भुजबळ. दोघंही बोलणारे, दोघांनाही गर्दी. जोशी-मुंडे ही जोडी चालली कारण दोघांचे मतदार वेगळे होते. भुजबळ-मुंडे जोडी म्हणजे एकाच म्यानात दोन तलवारी. जागावाटपातच युती मोडली असती, निदान नाशिक आणि मराठवाड्यात तरी.

माझा अंदाज: युती टिकवायला बाळासाहेबांनी १९९५ला जोशींनाच केलं असतं आणि भुजबळांना महसूल किंवा नगरविकास देऊन 'पुढच्या वेळी' सांगितलं असतं.

कलमदान

'पुढच्या वेळी' हे राजकारणातलं सर्वांत मोठं खातं. बिनखात्याच्या मंत्र्यांना तेच मिळतं.

नवखा

ताई, तुम्ही येवल्याच्या म्हणून विचारतो, भुजबळ सेनेत राहिले असते तर येवल्याला आलेच नसते ना?

येवल्याची पैठणी

बरोबर पकडलंत. ते २००४ला आमच्याकडे आले कारण माझगाव हातातून गेला होता. १९९५ला बाळा नांदगावकरांनी तिथे पाडलं, मग विधान परिषद. सेनेत असते तर माझगाव त्यांचाच राहिला असता आणि येवला नकाशावर पैठणीपुरता आणि १९३५च्या बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मांतराच्या घोषणेपुरता उरला असता. मुक्तिभूमीचं आजचं स्मारक, मांजरपाड्याचं पाणी, यातलं काही झालं असतं का? झालं असतं तर कधी? आमच्याकडे पाण्याच्या टँकरवर दिवस काढलेल्या बायका आहेत, त्यांना हा धागा वाचायला दिला तर म्हणतील, बरं झालं बाई गेला तो सेनेतून. त्यांचं राजकारण मी चूक म्हणणार नाही.

(त्यांच्यावर टीकाही भरपूर आहे आमच्याकडे, ती इथे नको.)

बखरवाचक

आता १९९९कडे येऊ. जूनमध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली तेव्हा पहिले प्रदेशाध्यक्ष भुजबळ. हा पवारांचा फार हुशार डाव होता असं मी मानतो. साखर कारखानदारांचा, मराठ्यांचा पक्ष हा शिक्का पहिल्याच दिवशी बसणार होता. दारात माळी समाजाचा, मुंबईत वाढलेला, माजी शिवसैनिक उभा केला. भुजबळ सेनेत असते तर तो शिक्का बसलाच असता. खऱ्या निवडणुकीत राष्ट्रवादी ५८, काँग्रेस ७५, सेना ६९, भाजप ५६. या आकड्यांत दहा जागा इकडच्या तिकडे झाल्या तरी सरकार बदलतं. म्हणजे गिरणगावरावांना मुख्यमंत्री हवाच असेल तर १९९५ऐवजी १९९९ मागावा. राणेंच्या जागी भुजबळ आणि युतीची दुसरी टर्म. मला हे जास्त पटतं.

तिरपा डोळा

आणि २५ जुलै २०००? गृहमंत्री भुजबळ नसते तर बाळासाहेबांना अटक झाली असती का? दंगलीच्या काळातल्या अग्रलेखांची ती फाइल. मला वाटतं, दुसरा कुणीही गृहमंत्री असता तर ती कपाटातच राहिली असती. न्यायालयाने मुदत उलटली म्हणून त्याच दिवशी प्रकरण निकालात काढलं, साहेब घरी गेले, आणि मुंबई दिवसभर बंद. त्या एका दिवशी सगळ्या महाराष्ट्राने नऊ वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा पाहिलं.

माझगावकर

त्या दिवशी मी लोकलमध्ये अडकलो होतो. डब्यात एक म्हातारे शिवसैनिक होते, घोषणा नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, 'घरातल्याने केलं.' शिवी पण नाही दिली.

कलमदान

आता माझी खरी शंका. समजा भुजबळ राहिले. १९९५ला मंत्री, १९९९ला जमलं तर मुख्यमंत्री. मग जानेवारी २००३चं महाबळेश्वर येतं. उद्धव कार्याध्यक्ष होतात. त्यानंतर जे झालं ते आपण पाहिलं: जुलै २००५ला राणे बाहेर, वर्षअखेरीस राज बाहेर. गणेश नाईक तर आधीच गेले होते. स्वतःचा जनाधार असलेला एकही मोठा माणूस त्या काळात सुखाने टिकला नाही. भुजबळ टिकले असते का? २००५ला ते ५७ वर्षांचे. मला वाटतं, तेही गेलेच असते. चौदा वर्षं उशिरा.

पण इथे कायदा आडवा येतो. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशची सवलतच रद्द झाली. आता दोन तृतीयांश घेऊन विलीन व्हायचं, नाहीतर आमदारकी सोडायची. राणेंना राजीनामा देऊन मालवणची पोटनिवडणूक लढवावी लागली ती त्यामुळेच. म्हणजे १९९१ला भुजबळांकडे जे दार होतं, ते २००५ला भिंत झालं होतं. जो राहिला, तो आत कोंडला गेला.

आमच्या व्यवसायात वेळेत न केलेल्या दाव्याला मुदतबाह्य म्हणतात. भुजबळांचं बंड २००५ला मुदतबाह्य झालं असतं.

नवखा

मग २०२२ला शिंदेंनी ते दोन तृतीयांश जमवूनच...

कलमदान

हो, तेव्हा सेनेचे ५५ आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे ३७. पण ते विलीन झालेच नाहीत, आम्हीच मूळ पक्ष म्हणाले, तो वेगळा...

संपादक

२०२२साठी वेगळा धागा आहे. तिथे चौदाशे प्रतिसाद झाले आहेत, अजून जागा आहे.

तिरपा डोळा

कलमदान, तुमच्या युक्तिवादात एक फट आहे. राणे-राज गेले कारण उद्धव एकटे उत्तराधिकारी झाले होते. भुजबळ विरोधी पक्षनेता, मग मंत्री, मग कदाचित मुख्यमंत्री म्हणून पक्षात असते तर २००३ला महाबळेश्वरात ठराव इतक्या सहज झाला असता का? राणे पक्षात तसे नंतर वर आले, भुजबळ पहिल्या पिढीतले. त्यांच्यामागे विदर्भ-मराठवाड्यातला ओबीसी जिल्हाप्रमुख उभा राहिला असता. म्हणजे ते बाहेर न जाता आतच गट झाला असता. शिवसेनेत आतला गट ही चीजच कधी नव्हती. नेत्याशी पटलं नाही तर दरवाजा, एवढीच पद्धत. भुजबळ राहिले असते तर सेनेला पक्षांतर्गत मतभेद नावाची गोष्ट शिकावी लागली असती.

बखरवाचक

हा आतापर्यंतचा सर्वांत आवडलेला प्रतिसाद. म्हणजे प्रश्न भुजबळांचं काय झालं असतं हा नाहीच, सेनेचं काय झालं असतं हा आहे. पण ठाकरे असताना सेना अशी बदलली असती यावर माझा विश्वास बसत नाही, खोटं कशाला बोलू.

येवल्याची पैठणी

खरी गंमत तर प्रत्यक्षातच होऊन गेली आहे. २८ नोव्हेंबर २०१९, शिवाजी पार्क. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे शपथ घेतात आणि त्यांच्याबरोबर शपथ घेणाऱ्या सहा मंत्र्यांत भुजबळ. सेनेचा मुख्यमंत्री, सेनेचं मैदान, आणि अठ्ठावीस वर्षांनी तोच माणूस. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

माझगावकर

त्या दिवशी मी मुद्दाम जुन्या चाळीकडे चक्कर मारली. चाळ आता नाही, टॉवर आहे. शाखा आहे, फळा नाही. फ्लेक्स होता, त्यावर सहाही मंत्र्यांचे फोटो. भुजबळांचाही. खाली 'श्री. छगनरावजी'.

गिरणगाव

बरं, मुख्यमंत्री मागे घेतो. तिसऱ्यांदा महापौर चालेल का?